माकडाच्या नावाची मूठ

सखुबाईला तक्रार करायची चटक लागली ती डुकरांपासून.

प्लेगचं साल सरलं होतं. पळून गेलेली सुरत परत आली होती आणि शहराने अंघोळ करायचं मनावर घेतलं होतं. रोज सकाळी झाडू, रोज पांढरी पावडर. त्याच दिवसांत आमच्या लिंबायतच्या गल्लीत, गटाराच्या तोंडाशी, डुकरांचं एक खटलं राहायला आलं. आम्ही बाकीच्या नाकाला पदर लावून ये-जा करत होतो. सखुबाई मात्र उठली, डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि वॉर्ड ऑफिसात गेली. तिथल्या भूपेंद्रभाईंना तिने आधी अहिराणीत सुनावलं, मग गुजरातीत, आणि दोन्ही कमी पडलं तिथे हिंदीत. आठवड्याच्या आत गाडी आली आणि डुकरं गेली.

त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते तिच्या लग्नातही आलं नसेल. मी काही तिच्या लग्नात नव्हते, पण शालिग्रामभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानेच, तसं सांगितलं.

मी प्रभावती, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. आम्ही वर्ध्याकडचे, ती खानदेशातली, अमळनेरजवळच्या एका खेड्यातली. आमचे हे डाइंग मिलमध्ये, तिचा नवरा पॉवरलूमवर. दुपारचं आवरलं की आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून व्यापाऱ्याकडून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापायचो. कात्री हातात असली की सखूची जीभही तितकीच चालायची. गल्लीतलं कोण काय करतं ते मला तिच्याकडून कळायचं, आणि मी काय करते तेही.

डुकरांनंतर कुत्री झाली. कुत्र्यांनंतर एक बैल, जो रिक्षांच्या वाटेत बसायचा आणि हॉर्न वाजवला की डोळे मिटायचा. मग माझ्या खिडकीवरची कबुतरं. मग टाकीखालचं मोहोळ. प्रत्येक वेळी सखू वॉर्ड ऑफिसात. लांबून ती दिसली की भूपेंद्रभाई शिपायाला म्हणायचे, "चा मूक भाई, सखुमाशी आवी." माशी म्हणजे मावशी. आधी चहा ठेवायचा आणि मग ऐकायचं, एवढं ते शिकले होते. मिशी बारीक, स्वभाव गरीब, चहा बशीत ओतून पिणारे अस्सल सुरती. मला तर वाटतं, सखू एखाद्या महिन्यात गेली नाही तर त्यांना चुकल्यासारखं होत असेल.

आणि मग ते माकड आलं.

होळीच्या आधी केव्हातरी आलं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, एकटंच. कोणी म्हणे कामरेजकडून भाजीच्या टेम्पोवर बसून आलं, कोणी म्हणे कळपातून हाकललेलं. पहिले दोन दिवस गल्लीने त्याला हात जोडले, केळी दिली, मारुतीराया आले म्हणून पोरांना दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून मारुतीराया अँटेना वाकवायला लागले. संध्याकाळी टीव्हीवर मुंग्या दिसल्या की समजायचं, गच्चीवर स्वारी आलीय. पेरू गेले, शेंगदाणे गेले, एका म्हाताऱ्याचा चष्मा गेला.

सखूचं आणि त्याचं खरं वैर जुंपलं ते चैत्रात. तिने गच्चीवर खाट टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या. गहू भिजवून, चीक काढून, पहाटेपासून खपून केलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया. आम्ही वर गेलो तर हा खाटेच्या मधोमध मांडी घालून बसलेला. खात असता तर एक वेळ चाललं असतं. तो नुसता बसला होता. बसून अंग खाजवत होता.

सखू ओरडली. त्याने तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि खाली उतरताना दोरीवर टाकलेली व्यापाऱ्याची पोपटी साडी ओढून नेली. पुढचा सगळा वेळ ती साडी या गच्चीवरून त्या गच्चीवर फिरत होती आणि खालून सखू गल्लीभर धावत होती. शेवटी तो टाकीवर बसला, साडी डोक्यावरून घेतली आणि आमच्याकडे बघत राहिला. साडी त्याला बरी दिसत होती. मी तसं म्हणाले, तर सखू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वॉर्ड ऑफिसात या वेळी प्रथमच तिची डाळ शिजली नाही. "माशी, आ अमारुं काम नथी," भूपेंद्रभाई म्हणाले, "जंगलखातानुं छे." आणि वर सल्ला दिला की हनुमानजी आहेत, हात जोडा.

"हनुमानजी लोगों की कुरडई पे बैठते क्या?" सखूने विचारलं.

भूपेंद्रभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. जंगलखात्याला कळवतो, त्यांची माणसं पिंजरा घेऊन येतील, असं त्यांनी कबूल केलं. तेव्हापासून दर सोमवारी सखू जायची आणि विचारायची, "पिंजरो क्यारे?" आणि ते म्हणायचे, "आवशे, माशी, आवशे." उन्हाळा गेला, आषाढ गेला, पिंजरा काही आला नाही. माकड मात्र अंगाने सुटलं.

एवढ्यात श्रावण आला, आणि सखूच्या डोक्यात माकडापेक्षा मोठा विषय शिरला. तो म्हणजे कानबाई.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई सांगावी लागते. मलाही सखूनेच सांगितली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळाची देवी, नथ घातलेली, नटवलेली, चौरंगावर बसते. रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. तिच्यासाठी जे गहू काढतात ते घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, प्रत्येकाची सव्वा मूठ. त्या गव्हाच्या पिठाचं जे जे होतं, पुरणपोळी असो की पुरी, त्या सगळ्याला रोट म्हणायचं. आणि रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. परक्याच्या तोंडात रोट गेला की कानबाई रुसली.

आता सखूचं म्हणणं असं, की तिचा सगळा संसार सुरतेत झाला, पोरं इथे जन्मली, शाळेत गुजराती बोलायला लागली, आणि कानबाई मात्र अजून गावीच. दर श्रावणात पॅसेंजर धरून गावी जायचं, तेही लूमवर सुट्टी मिळाली तर. नाहीतर नुसतं मनातल्या मनात. "आमी आठे राहतस का मुक्कामले शेतस, हाईच समजत नही," ती मला म्हणाली होती; आठे म्हणजे इथे. "कानबाई बसनी की ते घर." हे बोलताना तिची कात्री थांबली होती. माझ्या इतक्या वर्षांच्या शेजारात ती कात्री क्वचितच थांबलेली मी पाहिली.

अडचण होती दगा आप्पांची. हे तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, घरातले कर्ते, गावी राहणारे. कपाळाला आठी, डोक्याला टोपी, दोन्ही कधी न उतरणारी. त्यांचं म्हणणं, कानबाई भाऊबंदांच्या जिवावर बसते. सुरतेत भाऊबंद कुठले? सगळा परका मुलूख. शालिग्रामभाऊंनी पत्रं घातली, फोन केले, शेवटी आप्पा एकदाचे तयार झाले, पण विघ्न आलं तर पुन्हा गावीच, अशी अट घालूनच. "एक साल बसाडी देखूत. काही इघन उनं, ते पुढला सालपाईन गावलेच. मंग इषय काढाना नही." आणि देखरेख करायला स्वतः आले, ट्रंक घेऊन.

आता गंमत बघा. सगळं वॉर्ड ऑफिस हलवणारी ही बाई, पण जेठासमोर हिचा आवाज निघत नसे. त्यांच्याकडे रीतच तशी. आप्पा दिसले की पदर नाकापर्यंत, आणि बोलायचं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून. ते दिवस मी सखूची वकील झाले होते. आप्पा खाटेवर, सखू दाराआड आणि मी उंबऱ्यावर. "सांग त्यास्ले, चहा उकळस," ती कुजबुजायची. मी म्हणायचे, "आप्पा, चहा होतोय." आप्पांना पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असायचं, तरी ते माझं होईपर्यंत थांबायचे.

शुक्रवारी गहू काढायला घेतले. घर धुऊन निघालं होतं, भांडी लखलखत होती, गिरणीवाल्याने खास कानबाईवाल्यांसाठी गिरणी धुऊन ठेवली होती. पत्र्याच्या छताच्या मधल्या खोलीत मोठं ताट, शेजारी गव्हाची पाटी. सखू डोकं झाकून बसली आणि एकेका नावाने मूठ सोडायला लागली. आधी दगा आप्पा, मग गावच्या घरातले सगळे, मग शालिग्रामभाऊ, मग पोरं. नाव घ्यायचं, मूठ उघडायची, वर चिमूटभर. मी माझ्या जागेवर, उंबऱ्याबाहेर. घरातली सगळी नावं झाली. ताटाला हात लावून नमस्कार करायचा तेवढा राहिला होता, पण कोणी चुकून राहिलं तर नाही ना म्हणून सखू मूठभर गहू हातात घेऊन मनाशी नावं आठवत होती.

तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. छतातून धुळीची एक रेघ खाली आली. झरोक्यातून काळं तोंड आत डोकावलं.

"मर रे वांदरा, तुना मुडदा बशिवला!" सखू ओरडली, हात उगारला, आणि मूठ उघडली.

गहू ताटात पडले.

 मग मला हसू आलं. आवरायला पाहिजे होतं, पण आलं. शालिग्रामभाऊ ते दाणे वेगळे करायला वाकले, तर आप्पा खाटेवरून गरजले, "हात लावू नको! कानबाईना ताटमा पडनं ते पडनं." आणि मग सखूकडे न बघता विचारलं, "कोनानी मूठ व्हती ती?"

पदराआडून आवाज आला, "परभावती, सांग त्यास्ले, कोनानीच नही."

मी सांगितलं.  आप्पांनी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली. सखूचा चेहरा मात्र उतरला. माणसांपेक्षा एक मूठ जास्त, आणि तीही शिवी देताना पडलेली. "हाई इघन व्हई का वं?" तिने मला रात्रीच्या भाकरी थापताना विचारलं. मी म्हटलं, कसलं विघ्न, दोन पोळ्या जास्त होतील. पण तिला ते पटलं नाही. एक वर्षाची मुदत, आणि पहिल्याच दिवशी ही तऱ्हा.

रविवारी कानबाई बसली. काय सांगू, अशी कानबाई मी पाहिली नाही, म्हणजे त्याआधी मी पाहिलीच नव्हती, पण तरीही. केळीच्या खांबांखाली चौरंग, त्यावर ती नथीतली देवी, दोन्ही बाजूंना समया. सखूने व्यापाऱ्याला सांगून पोपटी साडीचा एक तुकडा मिळवला होता, तो देवीला नेसवला. गल्लीतले सगळे येऊन गेले. पलीकडच्या इमारतीतले ओडिया, कोपऱ्यावरचा भैया, समोरच्या गुजराती बायका. त्यांनी तर आपल्या चालीत गरबा धरला आणि खानदेशी बायकांनी त्यात फुगड्या घातल्या. माझे गुडघे दोन दिवस दुखत होते. आप्पा खाटेवर बसून सगळं बघत होते, आणि त्यांचा पाय ढोलावर हलत होता. तो हलतो हे मी सखूला खुणेने दाखवलं.

रोटाच्या वेळी मी आपली घरी निघाले. ती रीतच होती. सखूने मागून येऊन हातावर शिरा ठेवला, रोटाच्या पिठाचा नव्हे, वेगळा केलेला. "तुला आजवर एवढं खाऊ घातलं ना मी," ती माझ्याशी बोलताना कधी कधी माझ्यासारखं बोलायची, "रोट सोडून काही पण माग." मी म्हटलं, "बाकी सगळं झालंय गं खाऊन. तेवढंच राहिलंय." दोघी हसलो. पण घरी येऊन शिरा खाताना जरा वाटलंच. वाटायचं काही कारण नव्हतं, रीत ती रीत. तरी वाटलं.

सोमवारी सकाळी कानबाई निघायची होती. दारात ढोलवाले, गल्लीत गर्दी. आरती झाली. सखूने चौरंगासकट कानबाई डोक्यावर घेतली, दोन्ही हात वर धरून दाराबाहेर आली, आणि सगळ्यांनी जयजयकार केला. घरात कोणी उरलं नाही. स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती.

मला आधी शेपूट दिसली. मग तो पूर्णच दिसला. सखूच्या स्वयंपाकघरातून निघून, मधल्या खोलीतून, अगदी घरच्यासारखा पुढच्या दाराने बाहेर आला, गर्दीच्या कडेने उडी मारून समोरच्या भिंतीवर बसला. दोन्ही हातांत एक पुरणपोळी. कडेकडेने, सावकाश, जेवणाऱ्या माणसासारखा खायला लागला.

ढोल थांबला.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाची आठी खोल गेली होती. परक्याच्या तोंडात रोट गेला होता. तोही सगळ्या गल्लीसमोर, कानबाई डोक्यावर असताना. याहून मोठं विघ्न कोणतं? शालिग्रामभाऊ मान खाली घालून उभे होते.

"झायं," आप्पा म्हणाले. "नदीवर जाऊ द्या मायले. पुढला सालपाईन गावलेच."

आणि नेमक्या त्याच वेळेला गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली. जीपच्या मागे पिंजरा, पुढे लुनावर भूपेंद्रभाई, घामाघूम आणि हसतमुख. इतक्या महिन्यांनी त्यांचा शब्द खरा झाला होता. "सखुमाशी!" त्यांनी लांबूनच हाक मारली, "जुओ, पिंजरो लाव्यो!"

सगळे सखूकडे बघायला लागले. डोक्यावर कानबाई, दोन्ही हात चौरंगाला धरलेले, त्यामुळे जेठासमोर पदर ओढायची सोय नव्हती. पदर केव्हाच खांद्यावर आला होता. तिचं तोंड सगळ्यांना दिसत होतं, आणि ते रडवेलं झालं होतं. मी पुढे सरकले. म्हटलं, आता काहीतरी कुजबुजेल, मी सांगेन. वकील कशाला असते?

पण सखू माझ्याकडे वळलीच नाही.

"आप्पा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा हाक मारली होती. आप्पा दचकले. शालिग्रामभाऊ तर असे बघायला लागले, जशी काही भिंतच बोलली.

"आप्पा, रोट परकाना तोंडमा गया नही. शुक्रवारी एक मूठ जास्त पडनी, तुमना समोर पडनी. पडनी तवय मना तोंडमा नाव कोनानं व्हतं? त्यानंच. त्यानी मूठ, त्याना रोट. तुमीच सांगं, पडनं ते पडनं."

 माकड पोळी खात होतं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, सखूकडे पाहिलं, कानबाईकडे पाहिलं. आपलाच शब्द गळ्यात आलेल्या माणसाला काय करावं सुचत नाही, तसं त्यांचं झालं. मग त्यांनी हळूच हनुवटीने जीपकडे खूण केली.

"घरना व्हई," ते म्हणाले, आणि तेही थेट तिला म्हणाले, "ते मंग पिंजरामा कसा धाडशी?"

मी सखूला ओळखते. डुकरं, कुत्री, बैल, कबुतरं, मधमाशा. एकही तक्रार तिने आजवर मागे घेतली नव्हती. त्या माकडाने तिच्या कुरडया बाटवल्या होत्या, तिला गल्लीभर पळवलं होतं. चैत्रापासून ती या पिंजऱ्याची वाट बघत होती, आणि पिंजरा आला होता. तिने एकदा त्या पिंजऱ्याकडे डोळे भरून बघून घेतलं.

"भूपेनभाई," ती म्हणाली, "आ वांदरो नथी. घरनो माणस छे. मारी फरियाद पाछी."

"अरे, पण माशी!" भूपेंद्रभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चैतरथी तमे ज मारुं माथुं खाव छो!"

यावर सखूने जे उत्तर दिलं ते गल्लीत आजही सांगतात. ती म्हणाली, घरच्या माणसाची तक्रार करता येते, रोज करता येते, पण त्याला पिंजऱ्यात घालता येत नाही.

आप्पांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं रागाने. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला लागले, आणि टोपी पडली. टोपीशिवाय दगा आप्पा आम्ही प्रथमच पाहिले. डोक्यावर एकही केस नव्हता. "वाजाडा रे!" ते ढोलवाल्यांवर ओरडले. ढोल असा वाजला की भिंतीवरचं माकड उरलेली पोळी तोंडात कोंबून पळालं.

जंगलखात्याची माणसं गाडी लावून चहा प्यायला बसली. भूपेंद्रभाई तर रिकाम्या हाताने ऑफिसात कसं जायचं म्हणून मिरवणुकीत शिरले आणि तापीपर्यंत नाचत आले. तिथे कानबाईला निरोप दिला. त्यांच्या रीतीप्रमाणे नदीची वाळू घरी आणून टाकायची असते. आप्पांनी ती स्वतः ओंजळीत घेतली आणि सखूच्या पदरात ओतली.

"तुना घरमा टाक," ते म्हणाले. "पुढला साल मी आठेच येसू."

'तुना घरमा.' सखू वाळू सांभाळत उभी राहिली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. माझा काय संबंध होता देव जाणे, पण मला इतका आनंद झाला होता की दुसरं काही करता येईना.

त्यानंतर माकड काही सुधारलं नाही. दिवाळीच्या चकल्या नेल्या, अँटेना वाकवल्या. फरक एवढाच, की सखू आता वॉर्ड ऑफिसात न जाता थेट त्यालाच बोलायची, तेही नात्यातल्या माणसाला बोलतात तसं, मागचं सगळं काढून. थंडी सरल्यावर एक दिवस ते दिसेनासं झालं. कामरेजच्या बाजूला एक टोळी आलीय, तिच्यात मिसळलं असेल, असं लोक म्हणाले. सखूला चैन पडेना. शेवटी ती भूपेंद्रभाईंकडे गेलीच. तक्रार अशी, की माकड येत नाही. भूपेंद्रभाईंनी शिपायाला दोन चहा सांगितले.

पुढच्या श्रावणात आप्पा आले, ट्रंक घेऊन. शुक्रवारी तेच ताट, तीच पाटी, मी उंबऱ्याबाहेर. सखू एकेक नाव घेत गेली. पोरांची नावं झाली आणि ती जरा थांबली. मग म्हणाली, "आनी वांदरानी." मूठ पडली. मी आप्पांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, घरचा माणूस परगावी गेला म्हणून त्याची मूठ चुकते का? तुम्ही सुरतेला आलात तेव्हा गावी तुमची पडतच होती ना?

हे ऐकून शालिग्रामभाऊंनी डोळे पुसले, आणि माकडासाठी डोळे पुसणारा तो माणूस बघून मला पुन्हा हसू आलं. माझ्या हसण्याला वेळकाळ नाही.

सखूने मान वर केली. तिच्या हातात आणखी एक मूठ होती. ती कशाला घेतली होती तिलाच माहीत.

"आनी हाई परभावती देखा," ती मोठ्याने म्हणाली, "कशी दात काढी राहिनी!"

आणि मूठ उघडली.

गहू ताटात पडले. वर चिमूटभर, सव्वा पूर्ण करायला. सखूची मूठ अशी चुकून सुटत नाही. मागच्या वर्षी पत्रा वाजला होता. या वर्षी पत्र्यावर कोणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला उंबऱ्यावर उठताही येईना, बसताही येईना. आता आप्पा काय म्हणतात म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"पडनं ते पडनं," आप्पा म्हणाले.

रविवारी मी घरी गेले नाही. सखूने पाट मांडला, मी उंबरा ओलांडून बसले, आणि तिने माझ्या ताटात तूप सोडून पुरणपोळी वाढली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पहिला घास घेतला.  मग वाटलं, घरचं माणूस आहोत तर घरच्यासारखं बोलायला हवं.

"सखू," मी म्हटलं, "जायफळ जास्त झालंय गं."

तिने तुपाची वाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि आप्पांसमोर, मोकळ्या तोंडाने, मला म्हणाली, "मंग जाय ना भूपेनभाईकडे. कर तक्रार!"